कडब्यावरचं दूध

माझ्या बापानं पहिल्या दिवाळसणाला मला एक मेंढी दिली. जावयाला फेटा, मला लुगडं, आणि निघताना गाडीच्या मागं बांधलेली काळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी. म्हणाला, ही तुझी. हिची लोकर, हिची पिल्लं, सगळं तुझं. नळदुर्गाच्या अलीकडचं माझं माहेर, तिथून बेंबळीच्या बाजूला आमच्या धनगरवस्तीवर यायला गाडीनं दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मी मागं तोंड करून मेंढीकडंच बघत बसले होते. सासरी माझं म्हणावं असं ताटसुद्धा नव्हतं. आता मेंढी होती.

बाप अर्धा शेतकरी, अर्धा मेंढका. एक म्हैस आणि तीसेक मेंढरं होती त्याच्याकडं. त्याला देवाधर्माचं फारसं कळत नसे, पण जनावराच्या पोटाचं कळायचं. तो म्हणायचा, मेंढी व्यायच्या आधी महिनाभर तिच्या पोटात काय गेलं यावर तिची कास भरते. व्याल्यावर धावपळ करून उपयोग नाही. व्यालेली मेंढी दुप्पट पाणी पिते, तिला अडवू नये. दोन पिल्लं असली तर तिला दोन जिवांचं जास्तीचं घालावं. आणि हुलगे, म्हणजे कुळीथ, शिजवून घालायचे तर पहिल्या दिवशी चिमूट, मग अर्धी मूठ, मग मूठ. एकदम घातले की पोट फुगून मरते. हे सगळं मी परकरात असल्यापासून ऐकत आले होते. मला वाटायचं, मेंढरं पाळणाऱ्या प्रत्येक घरात हे माहीत असणारच. इथं माझं चुकलं.

माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, मेंढरांवर जीव टाकणारी बाई होती हे आधी सांगते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटेल की ती दुष्ट होती. थंडीत अशक्त पिल्लू स्वतःच्या घोंगड्यात घेऊन बसायची. कुठल्या मेंढीची आई कोण आणि आजी कोण, हे तिला तोंडपाठ. पण एका गोष्टीत तिचं डोकं असं बंद होतं की तिथं काठी घातली तरी उघडलं नसतं, आणि ती गोष्ट म्हणजे पाडव्याचं दूध.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या वस्तीवर मेंढरं रंगवतात, ओवाळतात आणि वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी तीन दगडांवर नवं मडकं ठेवून त्यात फक्त मेंढ्यांचं दूध तापवतात. गाईचं चालत नाही, शेळीचं चालत नाही, पाण्याचा थेंब चालत नाही. दूध उतू गेलं पाहिजे. ज्या घराचं उतू गेलं त्या घराची मेंढरं वर्षभर सुखरूप. ज्याचं नाही गेलं त्याच्याकडं लोक वर्षभर वेगळ्या नजरेनं बघतात. आत्याबाई नव्या नवरी असताना एकदा त्यांचं दूध मडक्यात नुसतंच खदखदून बसलं होतं, आणि त्याच साली रोग येऊन निम्मं वाडगं रिकामं झालं. ती भीती त्यांच्या हाडात जाऊन बसली होती.

त्यावर त्यांच्या सासूनं त्यांना उपाय सांगितलेला. पाडव्याच्या आधी चार दिवस व्यालेल्या मेंढ्या रानात सोडायच्या नाहीत. वाडग्यात बांधून नुसता वाळला कडबा घालायचा, आणि पाणी दिवसातून एकदा, तेही थोडं. म्हणजे दूध घट्ट होतं, आणि घट्ट दूध उतू जातं. हिरवं खाल्लं, पाणी प्यालं की दूध पाणचट होतं. दूध घट्ट होतं हे मला मान्य आहे. पण किती? एकेका मेंढीचं दोन चुळा भरतील एवढं. आणि मडकं गळ्यापर्यंत भरल्याशिवाय उतू कसं जाणार, एवढं साधं माझ्या डोक्याला कळत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझी मेंढी सासरी पहिल्यांदा व्याली ती दुसऱ्या दिवाळीच्या दहा दिवस आधी. निजामाचं राज्य होतं, कुठंतरी मोठी लढाई चालली होती, आणि सरकारी माणसं गावोगाव ज्वारी मापून लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या वसुलीत, नेत होती. शेतकऱ्याच्याच पेवात ज्वारी उरत नव्हती, तर तो आम्हाला कुठली देणार? शेतात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात पूर्वी ज्वारी मिळायची, त्या साली हुलगे मिळाले. रब्बीच्या पेरणीच्या आधी महिनाभर कळप एका मोठ्या शेतकऱ्याच्या काळ्या रानात बसला होता. रात्री नांगरटीवर, दिवसा आजूबाजूला सगळी उभी पिकं, चरायला बांधाशिवाय जागा नाही. नेमका तोच महिना माझ्या मेंढीच्या गाभणपणाचा शेवटचा होता. ती व्याली तेव्हा तिच्या पाठीचं हाडन् हाड मोजता येत होतं.

दोन पिल्लं झाली. एक नर, तो जन्मल्याबरोबर उठून कासेला लागला. दुसरी मादी, एवढीशी, कपाळावर आईसारखाच ठिपका. नर मोठा झाला की बाजारात जातो. मादी राहते. ती जगली तर माझ्या दोन मेंढ्या होणार होत्या, मग तीन, मग पाच. मी मनात तिथवर पोचलेसुद्धा होते. पण आईच्या कासेत एकाच पिल्लापुरतं दूध होतं आणि ते पहिलं पिल्लूच ओढून घ्यायचं.

मी आत्याबाईंना सांगितलं. पदर डोक्यावरून घेऊन, खाली बघून, जसं सांगायचं तसं सांगितलं, की निदान ही जुळ्यांची मेंढी तरी कडब्यावर बांधू नका, माझ्या बापाकडं असं असं करतात. त्या म्हणाल्या, तुझ्या बापाकडं म्हैस हाय, म्हशीचं न्यारं. मी म्हणाले, मेंढीचंच सांगतेय. त्या म्हणाल्या, तुझ्या बापाकडं मडकं उतू जातं का? आमच्या माहेरी मडकं ठेवायची रीतच नव्हती, हे मी सांगितलं, आणि तिथंच हरले. ज्या घरात मडकंच नाही त्या घराला मेंढरातलं काय कळणार, असं त्यांनी शेजारणीला माझ्यादेखत ऐकवलं. रात्री घरधन्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, चार दिवसाचा तर प्रश्न हाय. पिल्लाला चार दिवस म्हणजे केवढे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना आईपुढं बोलायचं नव्हतं.

मग मी चोरी सुरू केली. कडब्याचे चार दिवस यायला अजून पाचसहा दिवस होते. रोजच्या माडग्यासाठी हुलगे शिजायचे, त्यातले मी बाजूला काढायला लागले. पहिल्या दिवशी चिमूट, मग अर्धी मूठ, बापानं सांगितल्यासारखे. माझ्या वाटणीचं माडगं मी पातळ करून प्यायचे, म्हणजे घरात कुणाला कमी पडू नये. ओढ्यावर धुणं धुवायला गेले की हराळी उपटून धुण्याच्या पिळ्यात गुंडाळून आणायची. कडब्याचे दिवस लागल्यावर पाण्याची पंचाईत झाली. मी वाडगं झाडायच्या निमित्तानं पदराआड तांब्या न्यायचे, एकदा नाही, पाचपाच वेळा. एकदा घरधन्यांनी बघितलं. माझ्या हातातला तांब्या बघितला, मेंढीचं तोंड बघितलं, आणि पलीकडं निघून गेले.

पोट भरल्यावर मेंढी काय होते हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. चौथ्यापाचव्या दिवशी कास टरारली. दोन्ही पिल्लं दोन बाजूंनी ढुशा देत लुचायला लागली, आणि त्यांची शेपटं हलत होती. बाकीच्या मेंढ्यांची पिल्लं भुकेनं ओरडत असताना माझी दोघं पोटं फुगवून उन्हात झोपायची. ती एवढीशी मादी पाडव्याच्या आदल्या दिवशी चारी पायांवर टणाटण उड्या मारत होती. मी तिच्याकडं बघून हसले, आणि लगेच इकडंतिकडं बघितलं.

पाडव्याच्या दिवशी उजाडताच आत्याबाई चरवी घेऊन वाडग्यात शिरल्या. एकेका मेंढीची धार काढत गेल्या. घट्ट, पिवळसर, आणि चरवीचा तळ झाकेल एवढंच. त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. मग त्या माझ्या मेंढीपाशी बसल्या. पहिल्याच पिळीला चरवीत आवाज झाला. मी मागं उभी होते. वाटलं, आता विचारतील, हिलाच एवढं दूध कसं? विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, खरंच सांगितलं असतं. पण त्यांनी वर बघितलं ते डोळ्यांत पाणी आणून. "देवाला काळजी," एवढं म्हणाल्या, आणि शेवटच्या थेंबापर्यंत दोन्ही सड पिळून घेतले. दोन्ही पिल्लं दाव्याला बांधलेली होती.

मडकं गळ्यापर्यंत भरलं आणि उतू गेलं. पूर्वेकडून गेलं, जे सगळ्यांत चांगलं. वस्तीत त्या दिवशी आमच्या एकट्याच घराचं दूध असं भरभरून गेलं. बायका बघायला आल्या. आत्याबाई प्रत्येकीला सांगत होत्या, कडबा, नुसता वाळला कडबा, पाण्याला आवर घाला, बघा मग. ज्यांच्याकडं कडब्याची रीत नव्हती त्यांनीही पुढच्या सालापासून करायचं ठरवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, पण इथं तर फांदी मीच तोडली होती आणि कावळ्याची पूजा चालली होती. आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. लेव्हीच्या साली, माणसांना खायला मिळेना तेव्हा, मी घरातलं धान्य चोरून जनावराला घातलं होतं.

तिथं थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. पण आत्याबाईंचा विश्वास एवढा वाढला की देव पावलाय तर अजून पाच दिवस कडबा चालू द्या म्हणाल्या. आणि माझी मेंढी, आता ती घराची लक्ष्मी झाली होती, वाडग्यातून काढून त्यांनी आपल्या बाजेच्या पायाला बांधली. दिवसभर त्या तिच्याजवळ. तिथं हुलगा काय, पाण्याचा थेंब नेता येईना. दुसऱ्या दिवशी कास ढिली पडली. तिसऱ्या दिवशी मेंढी पान्हा चोरायला लागली. पिल्लू जवळ आलं की लाथ मारायची. नर तरी दांडगाईनं काहीतरी ओढायचा. मादी बाजूला उभी राहायची, मग बसायला लागली. मी शेळीच्या दुधात चिंधी भिजवून तिच्या तोंडात धरली. तिनं दोनदा चोखली. पाचव्या दिवशी सकाळी मी उठवायला गेले तर ती ताठ झाली होती.

मी तिला उचलून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. तोवर मी त्या घरात मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"आत्याबाई, कडब्यानं दूध आलं न्हवतं. म्या तिला हुलगं घालत व्हते. रोज. पाणी बी पाजत व्हते. त्येच्यानं मडकं उतू गेलं. तुमी तिला इथं बांधली आन् दूध आटलं."

मला वाटलं त्या मारतील. चोरी कबूल केली होती मी. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांनी ऐकलं असं तरी झालं असतं. मेलेल्या पिल्लाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, आणि मग अगदी हळू, माझी कीव करत बोलल्या.

"मंग त्या हुलग्यानंच मेलं गं पोरी. कडब्यानं आलेल्या दुधाला तू दिष्ट लावलीस."

एवढं बोलून त्या पिल्लू पुरायला घेऊन गेल्या. दूध उतू गेलं ते कडब्यानं आणि पिल्लू मेलं ते हुलग्यानं. या बोलण्याला कुठून धरावं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि अजून कळत नाही. मी चुलीपुढं बसून रडले, पण ते दुःखानं कमी आणि संतापानं जास्त.

पुढच्या साली मी ठरवलं, आता तोंडानं सांगायचं नाही, दाखवायचं. दिवाळीच्या आधी भाऊ गाडी घेऊन मुराळी म्हणून मला न्यायला आला. मेंढीच्या खुराला दुखतंय, माझा बाप औषध देतो, असं सांगून मी तीही गाडीत घातली. माहेरी तिनं महिनाभर हुलगे खाल्ले, ओढ्याचं पाणी मन मानेल तेवढं प्यायली, आणि तिथंच व्याली. दोन पिल्लं, दोन्ही माद्या, दोन्ही धडधाकट. बापाला मी सगळी हकिगत सांगितली. तो खूप हसला. म्हणाला, आता तिकडं मडकं रिकामं बसू दे, आपोआप डोळे उघडतील. मीही हसले. मला त्या मडक्याचं वाईट व्हावं असं वाटत होतं, हे लपवत नाही.

आणि झालंही तसंच. मी परत आले तेव्हा वस्तीच्या तोंडाशीच कळलं की आमचं दूध उतू गेलं नाही, निम्म्या मडक्यातच करपलं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत घरात शिरले. आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या की चूक त्यांची झाली. मला वाटलं, आलं एकदाचं ध्यानात. त्या म्हणाल्या, सून घरात होती तेव्हा दूध उतू गेलं, सून माहेरी गेली आणि दूध बसलं. मेंढी नव्हे, तूच या घराची लक्ष्मी. इथून पुढं पाडव्याला माझी लक्ष्मी मी उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कडबा तर चालूच राहिला. आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही मला स्वच्छ दिसत होत्या. मी घरात असताना एका पाडव्याला मडकं रिकामं बसलं असतं, तर माझ्या लक्ष्मीपणाचा नाद सुटला असता आणि मी दिवाळीला माहेरी जायला मोकळी झाले असते. त्यासाठी काही करायचं नव्हतं, फक्त हुलगे घालायचे नव्हते. पण हुलगे घातले नाहीत तर पिल्लं मरणार. ती ठिपक्याची मादी एकदा हातात ताठ झालेली मी बघितली होती. मी दर साली चोरून हुलगे घातले. माझ्या एकाच मेंढीला नाही, जमतील तेवढ्या सगळ्यांना. दर साली मडकं उतू गेलं. दर साली भाऊ गाडी घेऊन यायचा आणि रिकामी गाडी घेऊन जायचा. जाताना बापाचा निरोप सांगायचा, आबा विचारत्यात, मेंढी दूध किती देती? मी सांगायचे, दोन्ही पिल्लं पोटभर पितात म्हणावं.

निजामाचं राज्य गेलं त्या सालची दिवाळी. धाराशिवाकडून येणारा जाणारा प्रत्येकजण सांगत होता, आता आपलं राज्य आलं. भाऊ पाडव्याच्या चार दिवस आधी आला, आणि या वेळी गाडीतून उतरलाच नाही. म्हणाला, आबानं अंथरूण धरलंय, तुझं नाव घेत्यात. मी आत्याबाईंच्या पाया पडले. त्या स्वतः रडल्या माझ्यासंगं. म्हणाल्या, पाडव्याचं दूध उतू गेलं की त्याच घटकेला जा, मी अडवणार न्हाय. भाऊ चार दिवस वाडग्याबाहेर बसून राहिला. आणि मी, दूध लवकर उतू जावं म्हणून, त्या चार दिवसांत कधी नव्हे एवढे तांबे वाहिले.

पाडव्याला मडकं चढवल्याबरोबर उतू गेलं. मी तशीच गाडीत बसले. दोन दिवसांनी पोचले तेव्हा बाप जिवंत होता, पण बोलणं बंद झालं होतं. भावजय म्हणाली, पाडव्यापर्यंत विचारत होते, आली का म्हणून. मी त्याच्या उशाशी बसले. मी आयुष्यभर खरं काय ते बोलत होते, हे कळणारं एकच माणूस होतं, आणि ते हे.

"आबा," मी त्याच्या कानाशी म्हणाले, "औंदा वाडग्यातलं एक बी पिल्लू मेलं न्हाय."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मी परत एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं.